आकडा तोच, मग फरक कशात?

पत्र असं आहे:

"मी आणि माझे मिस्टर, दोघंही नोकरी करतो. घर घ्यायचं ठरलंय. त्यांचं म्हणणं, व्याजाचं कर्ज नकोच, घ्यायचं तर इस्लामी पद्धतीनेच. बँकेतून मुराबहाचे कागद आणले. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे सवयीने हिशेब मांडून बघितला. साध्या गृहकर्जाचा हप्ता आणि हा हप्ता जवळजवळ सारखाच, उलट हा किंचित जास्त. मी म्हणून गेले, 'हे व्याजच आहे, फक्त नाव बदललंय.' त्यावरून घरात अबोला आहे. दुसरी गोष्ट, माझे मोठे दीर एका ओळखीच्या माणसाच्या धंद्यात पैसे घाला म्हणताहेत. दरमहा 3 टक्के पक्का नफा, पूर्ण हलाल. माझ्या नावावरची बचत त्यात टाकावी अशी सगळ्यांची इच्छा आहे. आणि एक छोटी शंका: जुन्या बचत खात्यावर साचलेल्या व्याजाचं काय करायचं? मला धर्माची थट्टा करायची नाही, पण डोळे मिटून सहीही करायची नाही."

ताई,

तुमचा हिशेब चुकलेला नाही. दोन्ही हप्ते सारखे येतात, कारण दोन्ही बँका एकाच बाजारात उभ्या आहेत. इस्लामी बँकेलाही ठेवीदारांना बरा परतावा द्यावा लागतो, नाहीतर ते पैसे काढून शेजारच्या बँकेत जातील. म्हणून नफा किती धरायचा हे ठरवताना ती बाजारातल्या व्याजदराकडेच बघते. कित्येक वर्षं इस्लामी करारांतही लंडनचा लायबोर दर (बँका एकमेकींना ज्या व्याजाने पैसे देत तो) मोजपट्टी म्हणून सरळ लिहिलेला असायचा. पाकिस्तानचे मुफ्ती तकी उस्मानी हे या विषयातले मोठं नाव, पूर्वीचे न्यायाधीश. त्यांचंही म्हणणं असं की ही मोजपट्टी वापरणं फारसं शोभत नाही, पण तेवढ्याने व्यवहार हराम ठरत नाही.

म्हणजे आकडा सारखा आला यावरून व्यवहार खोटा ठरत नाही आणि खराही ठरत नाही. अकाउंट्समधल्या माणसाला हे पचायला जड जातं, मला कल्पना आहे.

गंमत म्हणजे तुमचा आक्षेप जुना आहे, चौदाशे वर्षं जुना. कुराणात रिबावरची, म्हणजे व्याजावरची, जी मुख्य आयत आहे (दुसरी सूरा म्हणजे अध्याय, आयत 275), तिच्यातच विरोधकांचं म्हणणं नोंदवलंय: 'व्यापार तरी रिबासारखाच की.' आणि उत्तर दिलंय की अल्लाहने व्यापार हलाल केला आणि रिबा हराम. तिथे बेरीज-वजाबाकी करून दाखवलेली नाही. फरक कशात हे पुढे फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, उलगडलं, आणि त्यासाठी हदीसमधले, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतले, दोन नियम धरले. एक, जे तुझ्या ताब्यात नाही ते विकू नकोस. दुसरा, ज्याच्या अंगावर नुकसानीची जबाबदारी, नफा त्याचा. या दोन नियमांवर इस्लामी अर्थव्यवहाराची जवळजवळ सगळी इमारत उभी आहे. तुमच्या मिस्टरांशी बोलताना हप्त्याचा आकडा बाजूला ठेवा आणि हे दोन नियम समोर धरा. ते ज्याला मानतात त्याच कसोटीवर कागद तपासला जाईल. मग थट्टेचा प्रश्नच उरत नाही.

आता मुराबहाचा कागद उघडू. मुराबहा म्हणजे खरेदीभाव उघड सांगून, वर ठरलेला नफा लावून केलेली विक्री. बँक तुम्हाला पैसे देत नाही, वस्तू विकते. निदान तसं व्हायला हवं. व्यवहार नीट झाला तर पायऱ्या अशा पडतात: तुम्ही बँकेला सांगता की अमुक घर तुम्ही विकत घ्या, मी ते तुमच्याकडून घेईन, हे वचन. मग बँक मूळ मालकाकडून घर खरेदी करते. घर बँकेच्या मालकीचं होतं, थोडा वेळ का होईना. आणि मग बँक ते तुम्हाला विकते: आम्हाला 100 ला पडलं, तुम्हाला 160 ला देतो, 15 वर्षांत फेडा.

या मधल्या पायरीत सगळा जीव आहे. त्या काळात घराला आग लागली, मूळ मालकाची मालकीच खोटी निघाली, तर तोटा बँकेचा. ही जोखीम बँकेने खरंच अंगावर घेतली असेल तर 100 आणि 160 मधला फरक हा व्यापाऱ्याचा नफा. घेतली नसेल, तर तुम्ही जे म्हणालात तेच खरं.

म्हणून कागदांवरच्या तारखा बघा, आणि वेळ लिहिली असेल तर वेळही. अनेकदा वचन, बँकेची खरेदी आणि तुम्हाला विक्री या तिन्ही कागदांवर एकाच टेबलावर पाच मिनिटांत सह्या होतात. त्यातच एक वकालतनामा असतो, ज्यात बँक तुम्हालाच आपला एजंट नेमते: तुम्हीच आमच्या वतीने खरेदी करा आणि तुम्हीच आमच्याकडून विकत घ्या. वकालत मुळात नाजायज नाही, पण मग बँकेने त्या घराकडे बघितलं तरी का, हा प्रश्न विचारायला हवा. आणि एखादं कलम असं सापडलं की 'मालकीतील दोष, नुकसान वा विलंब यांची सर्व जबाबदारी ग्राहकाची राहील', तर तिथे लाल पेनाने खूण करा. त्या कलमाने दुसरा नियम मोडला जातो.

मुराबहात खराखुरा, पैशात मोजता येणारा फरक दिसतो तो हप्ता थकल्यावर. विक्रीची किंमत एकदा ठरली की ती वाढत नाही. समजा तुमचे 30 देणं राहिले आणि नोकरी गेली. दोन वर्षांनी फेडले तरी 30 च. साध्या कर्जात या दोन वर्षांत व्याजावर व्याज चढलं असतं. रिबाच्या त्याच आयतांमध्ये पुढे (आयत 280) म्हटलंय की कर्जदार अडचणीत असेल तर त्याची स्थिती सुधारेपर्यंत मुदत द्या, आणि माफ केलंत तर ते जास्त चांगलं. आता याचा गैरफायदा घेणारे निघणारच. पैसे असून मुद्दाम उशीर करतात, कारण उशिराला किंमत नाही. त्यावर उपाय म्हणून करारात असं लिहिलेलं असतं की उशीर केला तर ग्राहक ठरावीक रक्कम दान देईल. ती रक्कम बँकेच्या उत्पन्नात धरायची नसते. तुमच्या कागदात हे दानाचं कलम आहे का, आणि ते पैसे नेमके कोणत्या खात्यात जातात, हे विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला तर तेवढंही पुरेसं आहे.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण बँकेतला माणूस ती आपणहून सांगणार नाही. मुदतीआधी सगळे पैसे फेडायचे ठरवलेत तर साध्या कर्जात पुढचं व्याज वाचतं. मुराबहात तुम्ही 160 चं देणं मान्य केलेलं असतं, त्यामुळे पाचव्या वर्षी फेडलंत तरी तत्त्वतः उरलेलं सगळं देणं लागतं. बँका सूट देतात, तिला इब्रा म्हणतात, पण पुष्कळ ठिकाणी ती बँकेच्या मर्जीवर असते. मलेशियात यावरून इतके खटले झाले की शेवटी तिथल्या मध्यवर्ती बँकेने विक्रीवर आधारलेल्या करारांत ही सूट लिहून देणं बंधनकारक केलं. तुमच्या करारात इब्राचं कलम नसेल तर आधी लिहून मागा. दोघंही कमावते आहात, कर्ज लवकर फेडायचा मोह तुम्हाला होणारच आहे.

घरासाठी मला मुराबहापेक्षा घटता मुशारका बरा वाटतो. तुमच्या बँकेत तो आहे का विचारा. यात घर दोघांचं असतं. घराची किंमत 100 धरा. 20 तुम्ही घातले, 80 बँकेने. बँकेच्या वाट्याचे 80 हिस्से केले आणि दर तीन महिन्यांनी एक हिस्सा तुम्ही विकत घेतलात, की 20 वर्षांत घर पूर्ण तुमचं. तोवर बँकेच्या वाट्याच्या भागात तुम्ही राहता, म्हणून भाडं देता. पूर्ण घराचं वर्षाचं भाडं 6 धरलं तर सुरुवातीला बँकेच्या वाट्याचं भाडं महिन्याला 0.4 पडेल. दहा वर्षांनी बँकेचे 40 हिस्से उरतील तेव्हा 0.2. भाडं उतरत जातं, मालकी चढत जाते. तुम्ही हे एक्सेलमध्ये मांडलंत की पुन्हा म्हणाल, हा तर घटत्या शिलकीवरच्या व्याजाचाच तक्ता. तक्ता तसाच दिसतो. पण दहाव्या वर्षी घर भूकंपात पडलं तर? कर्ज असतं तर घर गेलं तरी शिल्लक रक्कम तुमच्या डोक्यावर. मुशारकात तुमचे 60 गेले आणि बँकेचे 40 गेले. आणि जे घर उरलंच नाही त्याचं भाडं कुणी मागू शकत नाही.

हे तत्त्व झालं. कागदावर बँका यातूनही पळवाट काढतात. 'कोणत्याही कारणाने करार मोडल्यास ग्राहक बँकेचा संपूर्ण हिस्सा मूळ किमतीने विकत घेईल' असं वचन आधीच सही करून घेतात. म्हणजे पडलेलं घरही पूर्ण किमतीला तुमच्या गळ्यात. हे वचन 'कोणत्याही कारणाने' आहे की फक्त तुम्ही हप्ते थकवल्यास आहे, हे वाचा. भाडं दरवर्षी किती वाढू शकतं याला वरची मर्यादा आहे का, तेही. आणि घराची नोंदणी दोनदा होणार असेल, आधी बँकेच्या नावे आणि मग तुमच्या, तर मुद्रांक शुल्क दोनदा पडेल का? ब्रिटनमध्ये ही अडचण इतकी मोठी होती की 2003 साली कायदा बदलून दुहेरी शुल्क काढून टाकावं लागलं. तुमचा हप्ता किंचित जास्त का, याचं उत्तर काही अंशी अशा खर्चांत असतं: दोन व्यवहार, जास्त कागद, शरिया मंडळाची (व्यवहार धर्माला धरून आहे का हे तपासणाऱ्या पंडितांची) फी.

तवर्रुक हा शब्द कागदात कुठे दिसला तर मात्र सावध व्हा. काही बँका याला कमोडिटी मुराबहा म्हणतात. त्यात होतं असं की रोख पैसे हवे असतात तुम्हाला. बँक परदेशातल्या गोदामात पडलेला धातू विकत घेते, तो तुम्हाला उधारीवर 160 ला विकते आणि तुमच्याच वतीने लगेच तिसऱ्याला 100 रोख घेऊन विकून टाकते. सगळं फोनवर आणि ईमेलवर. धातू जागचा हलत नाही, तुम्ही तो बघत नाही, तो ॲल्युमिनियम होता की पॅलेडियम हेही तुम्हाला ठाऊक नसतं. तुमच्या खात्यात 100 येतात आणि डोक्यावर 160 बसतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ही फक्त माझी कुरकूर नाही. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने, म्हणजे धर्मकायद्यावर मत देणाऱ्या पंडितांच्या संस्थेने, 2009 साली शारजातल्या अधिवेशनात असा ठरवून घडवलेला तवर्रुक नाजायज असल्याचा ठराव केला. तरीही तो अनेक देशांत सर्रास चालतो, काही शरिया मंडळं त्याला मान्यताही देतात. म्हणजे 'शरिया मंडळाची सही आहे' एवढ्याने चर्चा संपत नाही. तुमच्या मिस्टरांना हे तवर्रुकचं उदाहरण दाखवा. तुमचा राग कशावर आहे ते त्यांना एका क्षणात कळेल, आणि बहुधा पटेलही.

या क्षेत्रातल्या जाणत्या लोकांना हे दुखणं चांगलं माहीत आहे. 2007 साली तकी उस्मानींनीच जाहीरपणे म्हटलं की बाजारातले बहुतेक सुकूक शरियाला धरून नाहीत. सुकूक म्हणजे मालमत्तेतल्या वाट्याचे दाखले, रोख्यांना पर्याय म्हणून काढलेले. त्यांचा आक्षेप असा की मुदत संपल्यावर मालमत्तेचा भाव काहीही असो, मूळ रकमेला परत विकत घेण्याची हमी दिली जाते. मग मालमत्तेची जोखीम घेतली कुणी? त्यानंतर 2008 साली बहरीनमधल्या आओइफी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने नियम कडक केले. 2017 मध्ये तर कमाल झाली. अमिरातीतल्या दाना गॅस कंपनीने सांगितलं की आम्ही स्वतः काढलेले 70 कोटी डॉलरचे सुकूक आता शरियाबाह्य ठरतात, म्हणून आम्ही पैसे देणार नाही! लंडनच्या न्यायालयाने गुंतवणूकदारांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढे तडजोड झाली. पण धर्माचं नाव देणं चुकवायलाही वापरता येतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

मग सगळेच खरी भागीदारी का करत नाहीत? इजिप्तमध्ये मीत ग़म्र गावी 1963 साली अहमद अल-नज्जार यांनी जी बचत बँक काढली, तिच्यामागे कल्पना तीच होती. जर्मनीतल्या बचत बँका पाहून ते आले होते. छोट्या लोकांची बचत गोळा करायची आणि गावातल्याच धंद्यांत भागीदारीने घालायची. ती बँक काही वर्षांतच बंद झाली, पण पुढे 1975 मध्ये दुबईची व्यापारी बँक आणि जेद्दाहची विकास बँक उभी राहिली तेव्हा याच प्रयोगाचं नाव घेतलं जात होतं. मोठ्या बँकांना भागीदारी जड जाते, कारण भागीदाराची वही खरी की खोटी हे कळायला हवं. नफा कमी दाखवणं सोपं असतं, आणि ज्याचा धंदा डळमळीत तोच तोटा वाटून घ्यायला सगळ्यात उत्सुक असतो. शिवाय करकायदे बहुतेक ठिकाणी व्याजाला खर्च मानतात, वाटलेल्या नफ्याला मानत नाहीत. बँक शेवटी ठेवीदारांच्या पैशावर चालते, ती मुराबहाच्या सुरक्षित कोपऱ्यात जाऊन बसते. मला यात लबाडीपेक्षा भित्रेपणा जास्त दिसतो.

एक विनंती. इजिप्तच्या अल-अजहर या जुन्या इस्लामी विद्यापीठाच्या संशोधन अकादमीने 2002 मध्ये बँकेचा ठरावीक परतावा जायज असल्याचं म्हटलं होतं. हे तुम्हाला इंटरनेटवर सापडेल आणि मिस्टरांच्या तोंडावर फेकावंसं वाटेल. फेकू नका. तो मतप्रवाह आहे, पण अल्पमतातला. फिक्ह अकादमीने 1985 मध्येच बँकेचं व्याज रिबा ठरवलं आहे आणि बहुसंख्य उलेमा, म्हणजे धर्मपंडित, त्याच बाजूला आहेत. तुमचे मिस्टर कडवे आहेत म्हणून असं वागत नाहीयेत, मुख्य प्रवाहात उभे आहेत. मी मुफ्ती नाही. जायज-नाजायजचा शेवटचा शब्द त्यांना ज्या आलिमवर भरवसा आहे त्याच्याकडून घ्यावा, मात्र कोरा प्रश्न न विचारता हे कलम-कलम कागद त्याच्यासमोर ठेवून.

आता दिरांची योजना. इथे माझा सूर बदलतोय.

दरमहा 3 टक्के पक्का नफा. नफा त्यातच ठेवत गेलात तर वर्षाला साधारण 42.6 टक्के होतात. दरमहा न चुकता हे देणारा प्रामाणिक धंदा मला माहीत नाही, आणि असा धंदा ज्याच्याकडे आहे तो ओळखीपाळखीत पैसे गोळा करत हिंडणार नाही. पण हे कुठलाही सल्लागार सांगेल. तुमच्या घरात जे चालेल ते कारण वेगळं आहे: ही योजना धर्माच्याच कसोटीवर नापास होते.

एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत, याला मुदारबा म्हणतात. त्यात नफ्याचं प्रमाण ठरवता येतं: 60-40, 70-30, जे दोघांना मान्य असेल ते, पण जो नफा होईल त्याचं. भांडवलावर ठरावीक रक्कम किंवा टक्का पक्का केला की मुदारबा बाद होतो, आणि यावर जुन्या फकीहांचं एकमत आहे. तोटा झाला तर तो पैसे घालणाऱ्याचा, मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया गेली. (त्याने हलगर्जी किंवा फसवणूक केली असेल तर तो जबाबदार.) थोडक्यात, 'पक्का' आणि 'हलाल' हे दोन शब्द या योजनेच्या एकाच वाक्यात बसू शकत नाहीत. भांडवल बुडणार नाही याची हमी आणि वर ठरलेला मासिक टक्का, हा रिबाच. तुमच्या बँकेच्या मुराबह्यापेक्षा कितीतरी उघडावाघडा. ज्या घरात मुराबह्यावर शंका घेतली म्हणून अबोला होतो, त्या घरात याला पूर्ण हलाल म्हटलं जातंय!

हेही घडून गेलंय. 1980 च्या दशकात इजिप्तमध्ये अल-रय्यानसारख्या इस्लामी गुंतवणूक कंपन्यांनी बँकांपेक्षा कितीतरी जास्त परतावा देत लाखो सामान्य माणसांची बचत गोळा केली. आखातात राबून पाठवलेला पैसा त्यात होता. 1988 मध्ये सरकारने कायदा आणून हिशेब मागितले आणि डोलारा कोसळला. पैसे परत मिळायला लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. त्यांच्यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी ओळखीनेच आत आला होता.

दिरांना थेट 'नाही' म्हणणं तुम्हाला जड जाईल, मोठे आहेत. मग असं म्हणा: 'भाईजान, करार लिहून द्या.' कुराणातली सगळ्यात लांब आयत (दुसरी सूरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे: मुदत लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी कंटाळा करू नका. तेव्हा कागद मागणं हा अविश्वास ठरत नाही. कागदावर हवं ते इतकंच: धंदा नेमका कशाचा, नफ्याचं प्रमाण किती, तोटा कुणाचा, हिशेब कोण तपासणार, पैसे कधी आणि कसे काढता येणार, लोकांकडून पैसे घ्यायचा परवाना कुठला. ज्याच्याकडे धंदा आहे तो हे एका संध्याकाळी लिहून देईल. ज्याच्याकडे नाही तो म्हणेल, 'आपल्यात कशाला कागद.' मग तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही.

साचलेल्या व्याजाबद्दल बहुतेक उलेमा सांगतात ते सोपं आहे. ते बँकेत सोडून देऊ नका, काढा आणि गरजूंना किंवा लोकोपयोगी कामाला द्या, पुण्य मिळेल या अपेक्षेने नव्हे तर नको असलेला पैसा हातावेगळा करायचा म्हणून. त्यातून जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, फेडता येत नाही. जकात आपल्या स्वच्छ पैशातून वेगळी, अडीच टक्के. व्याजाचा नेमका आकडा काढायचं काम तुमचं, पासबुकं घेऊन बसलात की अर्ध्या तासात होईल. हे काम तुम्ही आपणहून केलंत तर अबोलाही सुटेल असा माझा अंदाज आहे.

घराबरोबर बँक विमाही गळ्यात मारेल. तकाफुल, म्हणजे सभासदांनी एकत्र निधी जमवून चालवलेला इस्लामी विमा, असेल तर वर्षाअखेरीस उरलेली शिल्लक सभासदांना परत मिळते की कंपनीकडे जाते, एवढंच विचारा.

आणि बँक निवडताना एक व्यवहाराची गोष्ट. तुर्कस्तानात 2001 मध्ये इहलास फिनान्स ही बिनव्याजी वित्तसंस्था बुडाली तेव्हा तिच्या ठेवींना सरकारी ठेव विम्याचं संरक्षण नव्हतं. मलेशियात इस्लामी ठेवींनाही ठेव विमा आहे. तुमच्या बँकेत काय आहे ते लेखी घ्या. 'नफ्यात वाटा' म्हणून ठेवलेल्या पैशावर नियमाप्रमाणे तोटाही येऊ शकतो, तेव्हा घरासाठी जमवलेली रक्कम तोवर कुठल्या खात्यात आहे हेही बघून ठेवा.

राहिली तुमच्या नावावरची बचत. तुम्ही लिहिलंत, 'सगळ्यांची इच्छा आहे.' तुमची आहे का, हे पत्रात कुठेच नाही. शरियाप्रमाणे बायकोची कमाई आणि मेहेर ही तिची स्वतंत्र मालमत्ता, नवऱ्याचा तिच्यावर हक्क नाही, दिराचा तर नाहीच. चौथ्या सूरेत (आयत 32) स्पष्ट आहे: पुरुषांनी कमावलं त्यात त्यांचा वाटा, स्त्रियांनी कमावलं त्यात त्यांचा. ही बचत घरात घालायची असेल तर जरूर घाला, पण मग मुशारकाच्या करारात सुरुवातीच्या त्या 20 पैकी तुमचे किती आणि मिस्टरांचे किती हे आकड्यात लिहा, आणि पुढे दर तीन महिन्यांनी विकत घेतलेला हिस्सा कुणाच्या पगारातून गेला तेही. बँकेच्या छापील नमुन्यात सहअर्जदार म्हणून फक्त सहीची रेघ असते. वाट्यांचा तक्ता वेगळा जोडून द्यायला सांगा, आणि तो मूळ कराराचा भाग आहे असं त्याच पानावर लिहून घ्या.